राबातली तळी

आमच्या शाळेच्या गच्चीवर अँटेना बसवायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. मी विज्ञान शिकवते आणि माझ्याकडे स्कूटर आहे, एवढ्या दोन गुणांवर माझी नेमणूक झाली. हेडमास्तरांनी बैठकीत सांगितलं की विद्यापीठातल्या मुलांनी एक उपग्रह तयार केला आहे, तो वर गेलाही आहे, त्याच्याशी बोलायला जमिनीवर एक जागा हवी आहे, आणि जव्हार उंचावर असल्यामुळे ती जागा म्हणजे आपली शाळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या शाळेत ज्या कामाला कोणी धनी नसतो ते काम माझ्याकडे बघून जाहीर होतं.

उपग्रह म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी अवाढव्य येतं. हा बुटांच्या खोक्याएवढा होता. त्यात जमिनीचे फोटो काढणारा एक कॅमेरा, आणि सूर्याकडून येणारे कण मोजणारं एक छोटं यंत्र. मुलांचा खरा जीव त्या कणांवर. कॅमेरा त्यांनी, लोकांच्या उपयोगाचंही काही हवं म्हणून मागाहून बसवला असावा असा माझा संशय आहे, आणि मी तो बोलून दाखवला तेव्हा त्यांनी नुसतं हसून घेतलं. मुलं गुणी होती, हे कबूल करायलाच हवं. वाक्यागणिक मॅडम म्हणायची, आल्या आल्या वाकून नमस्कार करायची. त्यांच्यावर धड चिडताही यायचं नाही, आणि त्यामुळे मी जास्तच चिडायची.

अँटेना माशाच्या काट्यासारखी दिसायची. उपग्रह डोंगराआडून वर आला की ती आपली आपण हळूहळू मान वळवत त्याच्यामागे फिरायची. मुलांनी सांगितलं होतं की सगळं आपोआप चालेल, तुम्हाला काहीच करायचं नाही. आपोआप चालणाऱ्या गोष्टींइतकं काम मला आयुष्यात दुसऱ्या कशानं लावलेलं नाही. वीज गेली की संगणक झोपायचा. वीज आली की तो उठायचा, पण रुसलेला. मग पुण्याहून फोन यायचा, मॅडम, जरा बंद करून परत चालू करता का. मी तासावरून उठून गच्चीवर जायची, बंद करायची, चालू करायची, खाली यायची, तोवर वर्गात बाजार भरलेला असायचा. त्यात माकडं. डेपोच्या बाजूच्या झाडांवरून ती शाळेच्या गच्चीवर येतात आणि अँटेनाच्या आडव्या काड्यांवर बसायला त्यांना फार आवडतं. एक काडी वाकली तेव्हा मुलांनी मला विचारलं की तिथे माकडांसाठी काही उपाय करता येईल का. मी म्हटलं, येईल, तुम्ही इथे राहायला या.

बाजारात गेलं की चेष्टा वेगळी. भाजीवाली विचारायची, बाई, तुमचं ते डबडं वरून आमच्या पाटीत काय हाय ते बघतं का. एका ओळखीच्या गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं की शेजाऱ्यानं बांध सरकवला आहे, त्याचा फोटो मिळेल का. मी समजावून सांगायची की त्याला एवढं बारीक दिसत नाही, आपलं अख्खं अंगण त्याला एका ठिपक्याएवढं दिसतं. मग ते विचारायचे, मग त्याचा उपयोग काय. मला हाच प्रश्न पडलेला असल्यामुळे मी उत्तर द्यायची नाही.

आमच्या भागाचे फोटो काढायला लोक येतात यात नवं काही नाही. वावर-वांगणीला भुकेनं लेकरं दगावली तेव्हापासून येताहेत. आधी गाड्यांतून यायचे, आता आकाशातून आले. पण मुलांचे प्राध्यापक पहिल्या भेटीला आले तेव्हा त्यांनी चांगल्या मनानं विचारलं होतं, की आमच्या कॅमेऱ्यानं तुमच्यासाठी काय बघावं. कोणी जंगल म्हणालं, कोणी रस्ते म्हणालं. हेडमास्तर म्हणाले, पाणी. उन्हाळ्यात मोखाड्याच्या बाजूला कुठे पाणी शिल्लक आहे त्याचा नकाशा काढा. प्राध्यापकांना ते एकदम पसंत पडलं. मलाही पडलं, खोटं कशाला बोलू. कारण माझं माहेर त्याच बाजूच्या एका पाड्यावर आहे, आणि त्या वर्षी तिथल्या पाण्याची काळजी मला घरच्या कारणानं लागलेली होती.

माहेरी आता आई आणि वहिनी. भाऊ दिवाळी झाली की ठाण्याकडे बांधकामावर जातो तो पावसाच्या तोंडाशी परत येतो. भाची आश्रमशाळेत. आईला दिसत नाही फारसं. वहिनीचं शिमग्याच्या आधी पिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर तिला बजावलं होतं की पावसाळा लागेपर्यंत जड काही उचलायचं नाही, हंडा तर नाहीच नाही, टाके आतूनही असतात. वहिनीनं मान डोलावली. तिची ती मान मला माहीत आहे. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती कशालाही डोलते.

पाड्याची विहीर होळीनंतर तळ दाखवते. मग उरतो दरीतला झिरा. खडकाच्या सापटीत पाणी पाझरतं, बायका तिथे बसून वाटीनं ते गोळा करतात आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन उभा चढ चढून येतात. टँकर सुरू झाला की ही पायपीट थांबते. आमचं घर रस्त्याला लागून, त्यामुळे टँकरचा पाइप थेट अंगणातल्या पिंपात पडतो, काही उचलायलाच नको. म्हणून त्या वर्षी मी टँकरची वाट बघत होते. शेजारणी रोज आळीपाळीनं एखादी कळशी वहिनीला आणून द्यायच्या, पण त्यांचीही घरं होतीच. रविवारी मी स्कूटरवर दोन कॅन बांधून न्यायची. घाटात ते इतके हिंदकळायचे की पोचेपर्यंत माझी पाठ भिजलेली असायची.

नकाशा वैशाखात आला. मुलांनी तो माझ्या फोनवर पाठवला आणि खाली आनंदाची भरपूर चित्रं. मी आधी आमचा पाडा शोधला. पाड्याच्या भोवती निळे ठिपके, चांगले घसघशीत, एकमेकांना चिकटून. मुलांच्या म्हणण्याप्रमाणे ती छोटी तळी होती. भर वैशाखात, मोखाड्यात, आमच्या पाड्याला तळी. मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि एवढं हसले की नवरा बघायला आला.

ती तळी नव्हती, ते राब होते. आमच्याकडे रोपं करायची जमीन उन्हाळ्यात भाजतात. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाला, शेण, गवत असं थरावर थर घालून वर माती पसरतात आणि पेटवतात. हळूहळू धुमसून सगळ्याची राख होते. त्या राखेत पाऊस लागायच्या सुमाराला भाताचं आणि नाचणीचं बी टाकायचं. पाड्यातल्या सगळ्यांचे राब जवळजवळ असतात, घराजवळच्या त्याच ठरलेल्या तुकड्यांत. वैशाखात आमचा पाडा म्हणजे तपकिरी जमिनीवर काळी काळी ठिगळं. ती उपग्रहाला पाण्यासारखी दिसली.

मी लगेच फोन केला. टीममधली जी मुलगी नकाशे करायची ती मनापासून वरमली. तिनं मला समजावलं की डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो, पाणी तो गिळून टाकतं म्हणून त्या फोटोत पाणी काळं दिसतं, आणि राखही काळीच दिसते, आणि त्यांच्या प्रोग्रामला हे दोन काळे वेगळे करायला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, मग आता शिकवा. ती म्हणाली, हो मॅडम, पुढच्या आवृत्तीत नक्की. पुढची आवृत्ती कधी, तर परीक्षा झाल्यावर.

परीक्षा व्हायच्या आधी समारंभ झाला. नकाशा मोठा छापून काचेच्या चौकटीत बसवला होता आणि तो एका कार्यालयाच्या साहेबांना भेट देण्यात आला. भाषणं झाली. अवकाशातून आदिवासी पाड्यांची तहान भागवणार, असं कोणीतरी म्हणालं. मी गुच्छांचं तबक घेऊन बाजूला उभी होते. चहाच्या वेळी साहेबांना गाठून मी सांगितलं की यातली आमच्या बाजूची तळी म्हणजे तळी नाहीत. त्यांनी, छान, छान, म्हटलं आणि बिस्किट घेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी वहिनीचा फोन आला. फोन करायला तिला टेकाडावर चढून जावं लागतं, म्हणून ती उगाच करत नाही. मला वाटलं आईला काही झालं. पण वहिनी हसत होती. म्हणाली, "टँकर नाय येणार म्हणं या साली. तुज्या ढगातल्या डब्याला आमची तळी दिसली."

मी विचारलं, मग पाणी कोण आणतंय. ती म्हणाली, येतंय की. मी परत विचारलं. तिनं आईच्या तब्येतीचं सांगायला सुरुवात केली. मी फोन ठेवला. झिऱ्यावर कोण जातंय ते मला समजलं होतं.

मग माझी उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली, म्हणजे नावाला. आधी मी साहेबांच्या कार्यालयात गेले, टँकर तिथूनच मंजूर होतात. तिथल्या भाऊसाहेबांनी मला पंख्याखाली बसवलं, चौकट भिंतीवर होतीच, तीत त्यांनी आमच्या पाड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले की इतकी जवळ पाण्याची ठिकाणं असताना टँकर कसा द्यायचा, उद्या आम्हालाच विचारतील. मी म्हटलं, ती राख आहे. ते म्हणाले, मॅडम, तुम्हीच तर हा उपग्रह आणलात. मी म्हटलं, मी फक्त तो बंद करून चालू करते. ते मनापासून हसले. मग म्हणाले की विद्यापीठाकडून दुरुस्त नकाशा लेखी येऊ द्या, लगेच काम करतो.

विद्यापीठात फोन केला. मुलगी म्हणाली की नकाशा बदलायचा तर जमिनीवरून खात्री करावी लागते, तुम्ही प्रत्येक ठिकाणचा फोटो आणि जागेचे आकडे पाठवाल का. गेले. राब भाजला की त्यावर कोणी पाय देत नाही, म्हणून मी कडेकडेनं फिरून फोटो काढले. मुलांनी मला एक अॅप दिलं होतं, ते नेटवर्क असल्याशिवाय उघडत नसे, आणि पाड्यावर नेटवर्क नसतं. म्हणून फोटो एकीकडे, आकडे एकीकडे, आणि मी टेकाडावर हात उंच करून उभी. खालून म्हाताऱ्या विचारत होत्या की ही पोर काय करतेय. आईनं आतून ओरडून सांगितलं, शाळेचं काम हाय तिचं. आईला अजून वाटतं की मी जे काही करते ते शाळेचंच काम असतं.

फोटो पोचले. मुलांनी आभार मानले. पण प्राध्यापक परदेशात एका परिषदेला गेलेले, त्यांच्या सहीशिवाय काही बाहेर पाठवता येत नाही. ते येईपर्यंत आणखी एक नवा फोटो घेऊन ठेवू, असं मुलं म्हणाली, आणि नेमका तेव्हाच उपग्रह झोपला. त्यांच्या भाषेत सेफ मोड. काही बिघडलं की तो बाकीची कामं सोडून नुसता सूर्याकडे तोंड करून पडून राहतो म्हणे. मी म्हटलं, असं मलाही कधी करता येईल का. मुलगी हसली नाही. ती बिचारी रडकुंडीला आली होती, तिचा वर्षभराचा अभ्यास त्या खोक्यात होता. मग मीच तिची समजूत काढली. माझी वहिनी टाक्यांवर हात दाबून चढ चढत होती आणि मी फोनवर एका शहरातल्या मुलीला सांगत होते की होईल सगळं नीट, जेवण वेळेवर करत जा.

त्या दिवसांत मी वहिनीला इतकी बोलले असेन, की एवढं मी माझ्या वर्गालाही वर्षभरात बोलत नाही. हंडा उचलू नकोस, कळशी आण. तीही उचलू नकोस, शेजारणीला सांग. ती, हो गं बाय, म्हणायची. एका रविवारी मी न सांगता गेले तेव्हा ती झिऱ्याच्या वाटेवरून वर येत होती. डोक्यावर हंडा, एक हात हंड्याला, दुसरा पोटावर. मला बघून तिनं पोटावरचा हात काढला. मी रागानं हंडा तिच्या डोक्यावरून उतरवून घेतला, पण मला आता सवय उरलेली नाही, निम्मं पाणी माझ्या अंगावर सांडलं. तिनं सांडलेल्या पाण्याकडे तेवढं बघितलं.

शेवटी प्राध्यापक परतले आणि सगळ्यांनी मिळून प्रत्यक्ष बघायला यायचं ठरलं. प्राध्यापक, ती मुलगी, तिच्याबरोबरचा एक विद्यार्थी आणि जीपमधून कार्यालयाचे साहेब. मी आदल्या दिवशी माहेरी गेले आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं की उद्या हे लोक येतील, राब बघतील, मग घरापाशी येतील. आल्यावर त्यांना पाणी द्यायचं नाही. पाणी मागितलं तर म्हणायचं, पाणी नाही. एवढंच बोलायचं, बाकी मी बघते.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दारात आलेल्याला पानी नाय म्हणू? माज्यानं नाय व्हायचं."

मी म्हटलं, अगं, खरंच नाही ना पाणी. ती म्हणाली, हंडाभर हाय की. मी कपाळाला हात लावला. हट्ट करून, समजावून, आईला मध्ये घालून बघितलं. आईनं वहिनीचीच बाजू घेतली. शेवटी वहिनीनं मान डोलावली, आणि मी मूर्खासारखी निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी ऊन मरणाचं होतं. साहेबांनी राब बघितले. बुटाच्या टोकानं राख उकरून बघितली, तेव्हा एक म्हातारा मागून जोरात खाकरला आणि साहेबांनी पाय मागे घेतला. प्राध्यापकांनी राखेचे फोटो काढले, मान हलवत म्हणाले, फार इंटरेस्टिंग.  तळी नाहीत एवढं सगळ्यांना पटलं. माझ्या मनात आलं, जमलं बहुतेक.

मग सगळे आमच्या अंगणात आले आणि बाजेवर बसले. आणि वहिनी आतून आली. पदर नीट घेतलेला, हातात लखलखीत घासलेला तांब्या, त्यावर पेला. आधी साहेबांना, मग प्राध्यापकांना, मग मुलांना, मग ड्रायव्हरला. साहेब घटाघटा प्यायले आणि पेला पुढे केला. तिनं परत भरला. विद्यार्थ्यानं थोडं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं. वहिनी आत गेली, परत तांब्या भरून आली. मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होते, आणि ती माझ्याकडे बघायचं कटाक्षानं टाळत होती.

साहेबांनी तोंड पुसलं. पाणी फार गार आहे, कुठलं, असं त्यांनी विचारलं. वहिनी लाजून, आणि मला शपथेवर सांगता येईल, थोड्या अभिमानानं म्हणाली, झिऱ्याचं हाय, गोड असतं. साहेब प्राध्यापकांकडे वळले आणि म्हणाले, "म्हणजे तळी नसली तरी पाणी आहे की इथे."

विद्यार्थ्यानं लगेच फोन काढला आणि झिरा कुठल्या दिशेला आहे ते विचारलं, नकाशात घालायला.

इतके दिवस मी ज्यांच्यावर ज्यांच्यावर चिडले होते ते सगळे त्या क्षणी माझ्या डोक्यात गेले. कार्यालय, विद्यापीठ, माकडं, झोपलेलं खोकं, आणि सगळ्यांत जास्त वहिनी. मी आत गेले. चुलीच्या बाजूला हंडा होता, उचलला तर हलका लागला. तो घेऊन मी अंगणात आले आणि साहेबांच्या पुढ्यात उपडा केला. तळाशी होतं तेवढं पाणी पडलं, आणि जमिनीनं ते लगेच पिऊन टाकलं.

मी म्हटलं, "हेच होतं. तिच्या ऑपरेशनला तीन महिने झाले नाहीत, आणि पहाटे दरीतून तिनं हे आणलं. तुम्ही सगळे प्यायलात, आता ती परत जाईल."

 साहेबांच्या हातात पेला होता, तो त्यांनी बाजेखाली ठेवला, मग उचलून वहिनीकडे दिला. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला समाधान वाटलं, चांगलंच वाटलं, ते लपवत नाही. मग मी वहिनीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती साहेबांकडे बघत नव्हती, जमिनीवरच्या ओल्या डागाकडे बघत होती.

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडे घरातलं भरलेलं पाणी अंगणात ओतून टाकतात ते मयत उचलल्यावर. एरवी कोणी हंडा दारात उपडा करत नाही. आणि माझा भाऊ ठाण्याला, परांचीवर उभा होता कुठल्यातरी मजल्यावर.

साहेब निघाले ते टँकरचं बघतो असं सांगून. खरंच बघितलं. पुढच्याच आठवड्यात टँकर सुरू झाला. मुलांनी नकाशा दुरुस्त केला, निळे ठिपके काढले, आमच्या पाड्यापाशी बारीक अक्षरांत, भाजलेली जमीन, असं लिहिलं आणि माझे आभार मानले. उपग्रह जागा झाला. कार्यालयात जुनाच नकाशा अजून टांगलेला आहे, कारण चौकट चांगली आहे आणि नव्या नकाशाचा आकार तीत बसत नाही. भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाले, राहू द्या की मॅडम, भिंत भरलेली दिसते. मी वाद घातला नाही. भाऊ पावसाआधी सुखरूप परत आला, हेही लिहून ठेवते.

टँकर सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी माहेरी गेले. कॅन न बांधता, भाजी आणि खाऊ घेऊन. अंगणात पिंप तोंडापर्यंत भरलेलं, त्यावर जुनं लुगडं बांधून झाकण केलेलं. वहिनीच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसत होतं. आई ओसरीत होती. मला फार बरं वाटलं. वाटलं, करायचं ते केलं.

माहेरी गेले की मी चपला काढते, सरळ आत जाते, हंड्यात पेला बुडवते आणि उभ्याउभ्याच पिते. बसून पी गं, म्हणून आई ओसरीतून ओरडते. लग्नाआधी असंच होतं, लग्नानंतरही असंच. त्या घरात मला कधी कोणी पाणी विचारलं नाही.

त्या दिवशी मी चपला काढायला वाकले आणि वर बघते तर वहिनी दारात उभी. पदर नीट घेतलेला, हातात घासलेला तांब्या, त्यावर पेला. तिनं पेला भरून माझ्यापुढे धरला. नजर खालीच होती.

"बाहेरच बसा," ती म्हणाली, "वारा हाय."

मी बाजेवर बसले आणि पाणी प्यायले.